एक होडी, एक मत

ताम्हिणी घाट उतरताना मला एकही वळण धड दिसलं नाही. सकाळी धरमतरच्या खाडीत शर्यत, दुपारी पेणला सभा होती आणि त्याआधी सुधीरला कसं पटवायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

सुधीर रोह्याचा, केमिकल कंपनीत शिफ्टवर. आमची दोघांची मिळून एक कॅटामरान आहे: दोन सडपातळ होड्या, मध्ये ताणलेली जाळी, वर उंच शीड. आमच्या शर्यतींत आजवर नियम एकच होता. शिडापासून स्क्रूपर्यंत सगळं होडी बनवणाऱ्या परदेशी कंपनीचंच हवं. आता हे नियम होडी चालवणाऱ्यांनीच करावेत, असा ठराव आमच्या संघटनेत आला होता. एका होडीला एक मत. मी ठरावाच्या बाजूने, सुधीर विरुद्ध.

रोह्याला कुंडलिकेच्या पुलाजवळ तो उभा होता. रात्रपाळीने डोळे तांबारलेले. तो गाडीत बसतोय तोच मी सुरू झाले.

"सुकाणूच्या कडीला तडा गेलाय. पेणचा वेल्डर बसल्या बसल्या जोडून देईल, पण नियम आडवा येतो. आणि कंपनीची कडी अख्खा हंगाम आलेली नाही."

"पण कंपनी हाय म्हणून सगळ्यांच्या होड्या सारख्या हायत ना? उद्या ज्याला परवडेल तो दर शर्यतीला नवं शीड आणेल. मी काय करू?"

नागोठण्याला वालाची उसळ आणि पाव घेतला. उसळ झणझणीत होती. सुधीरने सावकाश खाल्लं. पुढे वडखळवरून खाडीवर पोचलो आणि होडी पाण्यात घातली.

धरमतरची खाडी गढूळ, पसरट. काठाला मिठागरं, खाजण (खाऱ्या पाण्याची दलदल), मध्ये नांगरलेले मालवाहू बार्ज. वारा चांगला होता. शर्यतीत आम्ही तिसरे होतो. वळणाच्या बोयापाशी (तरंगत्या खुणेपाशी) मागे काडकन आवाज झाला आणि सुकाणू लोंबायला लागलं. कडी तुटली होती.

ओहोटी आम्हाला थेट एका बार्जकडे ओढू लागली. सुधीरने शीड उतरवलं. होडी आपटू नये म्हणून मी बार्जच्या लोखंडाला हात लावायला वाकले.

"हात आत घे गो! चेपेल!"

मासेमारीच्या होडीतून एक बाई ओरडली. मी हात ओढला आणि त्याच क्षणी आमची होडी बार्जवर आदळली. बाईच्या नवऱ्याने दोर फेकला, सुधीरने तो बांधला आणि त्यांनी आम्हाला काठाला ओढत आणलं. जाताना बाईने माझा हात उलटापालटा करून पाहिला. "हाय जागेवर," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. सुधीर चिखलात उभा राहून त्या तुटक्या कडीकडे बघत होता.

पेणच्या सभेत मत द्यायची वेळ आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "तू हात वर कर."

ठराव पास झाला. संध्याकाळी एका शेतात पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) होती. गरम शेंगा सोलताना एक जण आनंदाने सांगत होता, की आता तो परदेशातून हलकं शीड शिवून आणणार. सुधीर शेंगा टाकून उठला.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "नीता, तुझा हात गेला असता. म्हणून मत दिलं. पण आता मला जमायचं नाय. तू दुसरा जोडीदार बघ."

मी गाडी बाजूला घेतली आणि तिथूनच संघटनेच्या सेक्रेटरींना फोन लावला. "पहिला नियम आमच्या होडीकडून घ्या. दुरुस्ती कुठेही करावी, पण शीड हंगामाला एकच."

"पुढच्या सभेत मांडतो," ते म्हणाले. "पण सगळे ऐकतील असं वाटत नाही."

रोह्याला उतरताना सुधीर म्हणाला, "त्या सभेला येतो. पुढचं मग बघू."

रात्री रोह्यातच मुक्काम करून सकाळी घाट चढताना मन पुन्हा थाऱ्यावर नव्हतं. कालपर्यंत लांबच्या कंपनीवर राग काढता येत होता. आता ज्यांच्याशी भांडायचं, त्यांच्याच पंगतीत बसून मी काल शेंगा खाल्ल्या होत्या.