तांडेलबाईंचा शिक्का

आमच्या महाप्याच्या कारखान्यात येणारा प्रत्येक साहेब आधी चांगला माल बघायला मागतो. तांडेलबाई मात्र आल्या आल्या पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "आधी बिघडलेलं दाखवा. चांगलं काय, पलून जात नाय."

पहिल्या खेपेला मी छाती फुगवून सांगितलं, "बाई, आमच्याकडे काही बिघडतच नाही." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की लेथमधलं तेल गोठलं. मग स्वतःच कोपऱ्यातला भंगाराचा डबा ओढला, एकेक तुकडा टेबलावर मांडला आणि प्रत्येकाची जन्मकथा विचारली. हा कुठं चुकला? कुणाच्या हातून? मग काय केलंत? डबा रिकामा झाला तोवर माझी छातीही पूर्ववत झाली होती. "आता बरं," बाई म्हणाल्या. "आता आपली वलख झाली."

तांडेलबाई संरक्षण मंत्रालयाच्या तपासणी खात्यात होत्या. करावे गावच्या, वडील खाडीत आणि खाडीबाहेर मासेमारी करायचे. परदेशी शास्त्रज्ञ फोनवर आले की बाई असं इंग्रजी बोलत, की पलीकडच्या माणसानं आपलं व्याकरण तपासून घ्यावं. फोन ठेवला की आमच्याशी पुन्हा गावची भाषा.

मंत्रालयानं तेव्हा एका मित्रदेशाबरोबर समुद्रावर नजर ठेवणारा उपग्रह बनवायला घेतला होता. देशाचं नाव सांगत नाही. न सांगायला बाईंनीच शिकवलंय. कॅमेरा त्यांचा, आणि तो धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा कंस आपला. तो कंस बनत होता आमच्या सहा माणसांच्या शेडमध्ये! मी भेटेल त्याला सांगत सुटलो, की उपग्रह मीच बनवतोय, मंत्रालय आपलं मदतीला आहे.

खरं म्हणजे आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं सगळं बाईंनी. सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवलं. आमचे सर्वात जुने टर्नर वाघमारेकाका, पन्नास वर्षांत ज्यांना कुणी 'असं करा' म्हणायला धजलं नव्हतं, त्यांना बाईंनी शाळेतल्या पोरासारखी नखं दाखवायला लावली. काका नखं कापून आले! मी त्या दिवशी साखर वाटली.

"एवढी स्वच्छता कशाला हो बाई?" काकांनी विचारलं होतं.

"फोडनीच्या धुरानं सैपाकघराची काच कशी चिकट व्हते? तसंच वर. तिथं हवा नाय. धातूला तेलाचा एवढासा अंश जरी राहिला, तर तो उडतो आनि कॅमेऱ्याच्या काचेवर बसतो. मंग कोन चढनार पुसायला? तुमी?"

कंस तयार झाला. धुतला, वाळवला, खास पिशवीत बंद केला. दसऱ्यानंतर बाई शिक्का मारणार होत्या. आणि मध्ये आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पुजतात. लेथ, ग्राइंडर, मापं, पाने, झाडून सगळ्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. मी ताट घेऊन फिरत फिरत त्या पिशवीपाशी आलो. मला भरून आलं. महाप्याच्या पोटातून निघालेली वस्तू आभाळात चाललीय, आणि तिच्या कपाळाला काहीच नाही?

"शेठ, पिशवी नका उघडू," वाघमारेकाका म्हणाले.

"काका, लेकीला असं बोडक्या कपाळानं पाठवायचं?"

उघडली. चांगलं ठसठशीत हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं तेव्हा रसायनानं पुसलं, पुन्हा बंद केलं. कंस आरशासारखा लखलखत होता. काका माझ्याशी बोलेनात.

बाई आल्या. "आधी बिघडलेलं."

"या खेपेला काहीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी कंस मापला. भिंगातून पाहिला. दिव्याखाली फिरवला. दोन तास. मला ते दोन तास पंचवार्षिक योजनेएवढे वाटले. कंस सगळीकडे पास. त्यांनी आपल्या पर्समधून शिक्का काढला, शाईवर टेकवला. बोललो तर कारखान्याची सरकारी मान्यता जाणार, मान्यता गेली तर शेडला कुलूप आणि सहा घरं उघड्यावर. गप्प राहिलो तर कुणालाच कळणार नाही. काका लेथशी उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"बाई, थांबा! मी त्याला हळदकुंकू लावलंय."

शिक्का हवेत राहिला. बाई चिडल्या नाहीत. डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "कुठं कुठं? कुंकू ओलं की सुकं? तेलातलं? कशानं पुसलंत?" सगळं लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाल्या, "दोन देश एकमेकांच्या शब्दावर हे काम करतात, भाऊ. आपल्याकडचा शब्द म्हंजे हा शिक्का. आता हे त्यांनाबी सांगावं लागनार."

तिसऱ्या दिवशी व्हिडिओवर बैठक झाली. पलीकडे सात गोरे चेहरे, अलीकडे मी आणि बाई. बाईंनी एक शब्द लपवला नाही. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं गंभीरपणे विचारलं, "हे कुंकू म्हणजे वंगण असतं का?"

"नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "ज्या वस्तूचा मान ठेवायचा, तिला लावतात. या माणसानं मान ठेवला, चूक केली, आणि कुणी विचारायच्या आत सांगितली. कंस बाद करा. कारखाना बाद करू नका."

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. कंस बाद झाला. कारखाना राहिला. दुसरा कंस आम्ही नव्या ठोकळ्यातून काढला. काकांनी तर तो तयार होईपर्यंत श्वाससुद्धा शेडबाहेर जाऊन घेतला. शिक्का बसला, उपग्रह वर गेला, आणि आजही काम करतोय.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोप घ्यायला आल्या. भेटवस्तू घेतली नाही, चहा मात्र दोनदा घेतला. मी धीर करून विचारलं, "बाई, मी बोललो नसतो तरी तुम्हाला कळलंच असतं ना? तुमच्या नजरेतून काय सुटतंय?"

"नसतं कललं," त्या शांतपणे म्हणाल्या. "शिक्का उचललाच व्हता मी. काच धुरकटली असती, समुद्रात एखादी बोट हरवली असती, आनि आपन सगले कपालाला हात लावून कारन शोधत बसलो असतो."

मी हातातला कप टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या कंसावर शिक्का मारला ना," बाई उठत म्हणाल्या, "तो माझ्या नजरेच्या भरवशावर नाय, भाऊ. तुमच्या तोंडाच्या."

माझ्या तोंडाच्या! ज्या तोंडावर लग्नाला तीस वर्षं झाली तरी बायकोनं भरवसा ठेवलेला नाही! बाई फाटकाबाहेर गेल्या तरी मी तसाच उभा होतो, आणि वाघमारेकाका सगळ्यांना बोलावून दाखवत होते, की शेठ गप्प आहेत.