पागोनाची हाडं

अथेन्सच्या त्या जुन्या दफनभूमीत पुढच्या फाटकाने शिरलं की सगळे मंत्री, सेनापती आणि जहाजांचे मालक. संगमरवराखाली ऐसपैस पसरलेत, त्यांना कुणी उठवत नाही. आपल्यासारख्यांची जागा मागच्या भिंतीकडे, तीसुद्धा तीन वर्षांपुरती. तीन वर्षं झाली की खणायचं, हाडं वर काढायची, वाइनने धुऊन उन्हात वाळवायची, पेटीत भरायची आणि पेटी हाडघराच्या फडताळावर ठेवायची. खड्डा दुसऱ्याला मोकळा.

ही हाडं धुण्याचं काम स्तमाताने एकतीस वर्षं केलं. डोक्याला काळा रुमाल, पायात रबरी बूट, आणि तोंड असं की भल्याभल्यांनी बाजूला सरावं. कवटी पहिली घ्यायची, दोन्ही हातांनी, आणि घरच्यांसमोर धरायची, हा तिचा नेम. "या आजोबा, बाहेर या, छान ऊन पडलंय," असं ती हाडांशी बोलायची. हाडांशी गोड, जिवंत माणसांशी मात्र मुळीच नाही. एकदा एका सुटाबुटातल्या मुलाने नाकाला रुमाल लावला, तर सगळ्यांदेखत म्हणाली, "काढ तो रुमाल. याच माणसाच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस ना? तेव्हा नाही वास आला?"

हे काम तिने हौसेने धरलं नव्हतं. लग्न झाल्यावर ती आणि नवरा जर्मनीत कारखान्यात लागले आणि लेक, कालिरोई, इथे आजीजवळ राहिली. पोर दोन वर्षांची असताना मेंदूत ताप चढला आणि तीन दिवसांत गेली. त्यात कुणाचा दोष नव्हता, स्तमातानेही कधी तो कुणाला दिला नाही. पण तीन वर्षं भरली ती फेब्रुवारीत, आणि कारखान्याची रजा ऑगस्टात. मग तिने आईला, पागोनाला, पत्र लिहिलं. अक्रोडाच्या लाकडाची छोटीशी पेटी पाठवली. "आई, तेवढं पिल्लाला नीट काढून घे," एवढंच मागणं.

ऑगस्टात ती आली तेव्हा त्या जागी भलत्याच कुणाचा क्रूस होता आणि भलत्याच कुणाचा दिवा तेवत होता. पागोना गेलीच नव्हती. ज्यांना न्यायला कुणी येत नाही त्यांची हाडं कोपऱ्यातल्या विहिरीत जातात. लोखंडी झाकण, खाली काळोख, शंभर वर्षांचे बिनवारशी एकमेकांत मिसळलेले. आता त्यातून दोन वर्षांच्या पोरीची बोटं कशी ओळखायची, सांगा!

स्तमाता परत जर्मनीला गेली नाही. नवरा तिकडेच राहिला, पुढे त्याने पत्रंही थांबवली. ती दफनभूमीत कामाला लागली आणि आईच्याच घरात राहिली, दुसरं घर होतं कुठे? पण बोलणं मिठातेलापुरतं. आई ताट वाढायची, ही जेवायची. आईने "चुकले" म्हटलं नाही आणि हिने "का नाही गेलीस" विचारलं नाही. पंचवीस वर्षं, एका छपराखाली! शेवटी पागोना आठ महिने अंथरुणात राहून गेली, तेव्हाही नाही.

तिची तीन वर्षं भरली तेव्हा खणणाऱ्या प्रोद्रोमोसने दोन हात खणलं आणि फावडं बाजूला ठेवलं. "बाई, नाही झाली."

आईची माती झाली नव्हती. कपडे तसेच, केस तसेच, चेहरा काळवंडलेला पण आईचाच. स्तमाताने अशी पुष्कळ बघितली होती. बघितली नव्हती ती फक्त स्वतःची आई.

सोबत पागोनाची धाकटी बहीण एव्हांथिया होती, काठी टेकत आलेली. तिने क्रूसाची खूण केली.

"स्तमाते, तू हिला माफ केलेलं नाहीस."

"मावशी, औषधं किती गेली तिच्या अंगात! त्याने होतं असं."

"ते गिऱ्हाइकांना सांग, मला नको. ज्याच्याबद्दल कुणाच्या मनात अढी असते त्याला माती घेत नाही. वाक आणि म्हण, आई, तुला माफ केलं."

"नाही म्हणणार."

मावशीने खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती आली होती गं त्या दिवशी."

"कुठे?"

"इथे. तू पाठवलेली पेटी मांडीवर घेऊन फाटकाबाहेर बसली होती, सकाळपासून. आत पाऊल टाकवेना. फाटक बंद झालं तशी उठून घरी आली. मला म्हणाली, 'एव्हांथिया, कालिरोईचं डोकं माझ्या हातात दिलं असतं गं त्यांनी.'"

स्तमाता एकदम उसळली. "आणि दुसऱ्या दिवशी? महिनाभर हाडं गोणीत भरून ठेवतात, वाट बघतात! महिनाभर बसवलं का तिला कुणी फाटकावर? आणि मला का नाही सांगितलं तिने?"

"तू विचारलंस कधी?"

"मी का विचारू? मी आई होते त्या पोरीची!" ती प्रोद्रोमोसकडे वळली. "झाक रे. दुसरीकडे पूर."

पागोनाला दुसऱ्या भागात पुरलं, न विरलेल्यांच्या रांगेत, आणखी दोन वर्षांसाठी. ती दोन वर्षं स्तमाताची फार वाईट गेली. फाटकासमोरच्या कॉफीच्या दुकानात बायका कुजबुजायच्या, "स्वतःच्या आईची माती होईना आणि आमची माणसं धुते म्हणे." दोन घरांनी तर दुसरी बाई बोलावली. पाद्रीबुवांनीही एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "मुली, मन मोठं कर." मन काय कणकेचा गोळा आहे, थापला की मोठा व्हायला?

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. मृतांच्या शनिवारी सगळ्यांसारखाच गहू शिजवला, डाळिंबाचे दाणे, साखर घातली, आईच्या मातीवर ठेवला, दिवा लावला. "आई, मी तुला" इथपर्यंत आलं. पुढचं आलंच नाही. अशी कितीदा तरी ती तशीच उठून आली.

दोन वर्षांनी, एप्रिलात, प्रोद्रोमोसने हाक मारली. "बाई, या. झालीय."

हाडं स्वच्छ होती. मेणासारखी पिवळी, लोक म्हणतात ना पुण्यवानाची असतात तशी. एव्हांथिया मावशी खुर्चीत बसल्याबसल्या रडायला लागली. "केलंस ना गं माफ! मला माहीत होतं, केलंस!"

स्तमाताने केलं नव्हतं माफ. कणभरही नाही. दोन वर्षं सगळ्यांनी तिचा गळा धरला होता आणि मातीने तिला न विचारताच आपलं काम उरकलं. तिला आईपेक्षा मातीचा राग आला. आतून इतकं रिकामं वाटलं की तिथेच बसावं आणि उठूच नये.

पण काम समोर होतं. तिने दोन्ही हातांनी कवटी घेतली. केवढीशी होती ती! वाइन ओतून तिने एकेक हाड धुतलं, बोटांची सुद्धा मोजून घेतली, कापडावर उन्हात वाळवली. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. मावशीने आणलेली पेटी तयार होती, फोटो लावून.

स्तमाताने हाडं पांढऱ्या कापडात बांधली आणि हाडघराच्या उलट्या दिशेला चालायला लागली.

"बाई, तिकडे कुठे?" प्रोद्रोमोस मागे धावला. "ती बिनवारशांची विहीर आहे!"

"झाकण काढ."

"अहो पण पेटी..."

"काढ म्हणते ना!"

मागून मावशी ओरडत होती, "अगं, जन्मदात्रीला तिथे टाकतेस? इतका सूड? देव बघतोय, स्तमाते!"

झाकण सरकलं. स्तमाता काठावर गुडघे टेकून बसली. तिने गाठ सोडली, पण हाडं टाकली नाहीत, एकेक हाड हात खाली नेऊन सोडलं. कवटी शेवटी. ती तिने छातीशी धरली, मग काळोखात वाकली.

"आई," ती म्हणाली, "ती इथेच आहे कुठेतरी. अंधाराला फार भिते. जा, शोध तिला."