खुट्यावरची गल्ली

माझ्या बायकोने आणि तिच्या थोरल्या बहिणीने मिळून एका व्हिडिओ गेममध्ये आपल्या माहेरची गल्ली बांधली होती. ती मी पुसली. पुसून गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, पण मी दोष लाइटीवर ढकलला. तो लाइटीवर राहिला नाही. फिरून बायकोच्या अंगावर आला, आणि मी तो तिथेच राहू दिला.

ते खेळाचं यंत्र मुलीसाठी घेतलं असं मी घरात सांगितलं होतं. तेही पुरतं खरं नव्हतं. लहानपणी रिसोडला बाजाराच्या दिवशी एका दुकानात टीव्हीवर असले खेळ खेळायला मिळत. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून खेळणाऱ्यांच्या पाठी बघायचो, आत कधी गेलो नाही. पन्नाशीला आलो, वाशिमच्या एका कॉलेजात कारकुनी करता करता केस पांढरे झाले, तरी तो उंबरा डोक्यातून गेला नव्हता. मुलगी बारावी पास झाली तेव्हा मला निमित्त सापडलं. ती अमरावतीला होस्टेलला निघाली आणि यंत्र घरीच ठेवून गेली. "बाबा, मले अभ्यास आहे. तुमीच खेळा," असं म्हणून हसली. तिला सगळं कळलेलं होतं.

यंत्र शाळेतल्या पाटीएवढं. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. टीव्हीजवळ त्याचा एक स्टँड असतो. त्यात पाटी बसवली की खेळ टीव्हीवर दिसतो, उचलून घेतली की तोच खेळ तिथून पुढे हातात चालू राहतो. माझी बायको शेतकऱ्याची मुलगी. तिने पहिल्याच दिवशी त्या स्टँडला खुटा म्हटलं. मग आमच्या घरात यंत्र खुट्यावर बांधायचं किंवा खुट्यावरून सोडायचं, एवढीच भाषा राहिली.

मला मोटारींच्या शर्यती आवडत. तिने मात्र एक दुसराच खेळ उघडला. त्यात मोकळी जमीन मिळते. घरं, रस्ते, झाडं, विहिरी आपल्या मनाने मांडायच्या, माणसं निवडायची, त्यांना कपडे घालायचे. एका यंत्रात एकच गाव वसवता येतं. आधी तिने उगाच दोन-चार घरं बांधली. मग एके रविवारी मालेगावहून तिची थोरली बहीण आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "हे घर तं आपल्या शेलूबाजारच्या घरावानी दिसते वो."

तेवढं पुरलं.

शेलूबाजारला त्यांचं माहेर अगदी रस्त्याला लागून होतं. रस्ता रुंद झाला आणि त्यांची अख्खी गल्ली त्यात गेली. बसमधून जाताना दोघी खिडकीतून बोट दाखवत, पण दाखवायला डांबराशिवाय काही उरलेलं नव्हतं. आता दर रविवारी ताई सकाळच्या बसने येऊ लागल्या आणि दोघी टीव्हीपुढे बसून गल्ली बांधू लागल्या.

"विहीर अथी नोती वो. विहीर न्हानीच्या मांगं होती."

"न्हानीच्या मांगं जांबाचं झाड होतं, ताई. तुहं लगन झालं होतं, तुले काय मालूम?"

"माह्यं लगन झालं तवा तू शेंबूड पुसून राह्यली होती. मले शिकवते!"

विहीर तीन ठिकाणी हलली आणि शेवटी ताईंच्याच म्हणण्यावर थांबली. खेळात विहार नव्हता. मग एका पांढऱ्या घरापुढे त्यांनी निळा झेंडा लावला आणि त्याला विहार म्हटलं. पिंपळ नव्हता, म्हणून कुठल्याशा विलायती झाडाला पिंपळाचा मान दिला. ओट्यावर एक म्हातारा बसवला. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. तो दोघींचा बा. खेळातली माणसं आपोआप उठून हिंडतात. बा ओट्यावरून उठला की ताई ओरडत, "पाह्य पाह्य, निंघाला चावडीवर! पोरी पावन्या आल्या तरी याचा पाय घरात टिकत नाई."

मी स्वयंपाकघरात चहा करत असायचो.

"भाऊजी, च्या जरा लवकर येऊ द्या. आमची गल्ली वाट पाहून राह्यली."

मी हसायचो. पण खरं सांगायचं तर मला ते लागत होतं. यंत्र मी आणलं, आणि माझ्या घरात माझ्याच हाती कपबशा. एकदा मी म्हटलं, मलाही एक घर बांधू द्या. ताई म्हणाल्या, "तुमी जवाई. जवायाचं घर सासऱ्याच्या गल्लीत नसते." बायको एवढी हसली की तिच्या डोळ्यात पाणी आलं. ती गंमत होती हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी बायको शेजारी साखरपुड्याला गेली होती. मी यंत्र उघडलं. माझं गाव मला पहिल्यापासून सुरू करायचं होतं. पडद्यावर सूचना आली की नवीन गाव सुरू केलं तर आधीचं कायमचं पुसलं जाईल. पुढे जायचं का?

कॉलेजात संगणकावर अशा सूचना रोज येतात आणि आम्ही न वाचता 'हो' दाबतो. पुढे कधी कोणी विचारलंच तर हेच सांगायचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. पण मी ती वाचली होती. 'कायमचं' हा शब्दही वाचला होता. मनात आलं, खेळच तर आहे, पुन्हा बांधतील. आणि मी दाबलं.

समोर हिरवी मोकळी जमीन आली. मी एक झोपडी बांधली, एक गाय ठेवली. थोड्या वेळाने बंद केलं. मजा आलीच नाही.

रविवारी सकाळी लाइट गेली. आमच्याकडे लाइट जाण्याची भीती नसते, भीती असते ती परत येण्याची. येताना ती उसळून येते आणि फ्रीज, टीव्ही, पंखे जाळून टाकते. म्हणून लाइट गेली की घरातली बाई हातातलं काम टाकून आधी सगळ्या पिना काढते. माझी बायको त्यात तरबेज. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, आणि शेवटी यंत्र खुट्यावरून. त्या सकाळी तिने ते उपटून अलमारीवर ठेवलं.

ताई आल्या, लाइट आली, पाटी खुट्यावर बसली. टीव्हीवर एक झोपडी आणि एक गाय.

"हे काय वो? कोनाचं गाव हाय हे?"

बायकोने बटणं दाबून पाहिली. मागे गेली, पुढे आली. "ताई, आपली गल्ली दिसून नाई राह्यली."

मी चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभा होतो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, "लाइटीचा झटका बसला असेल. मग नवीन सुरू होतं ते."

बायकोने हळूच म्हटलं, "सकाळी मीच काढलं खुट्यावरून. घाईत उपटलं."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. "तुले कितीदा सांगतलं, ओढत नको जाऊ म्हून. आपली घाई अन आपलंच खरं!"

"मले काय मालूम असं होईन म्हून?"

"तुले कवाच काई मालूम नसते. बा गेला तवा तू टायमावर आली नाई. अन आता बसला होता ओट्यावर, तं तुह्याच हातानं गेला."

बोलून गेल्यावर ताई स्वतःच दचकल्या असाव्यात, पण शब्द परत घेतले नाहीत. चहा न घेता पिशवी उचलली आणि बसस्टँडला निघाल्या.

सासरे वारले तेव्हा बायकोला पोचायला उशीर झाला, तोही माझ्यामुळे. कॉलेजात परीक्षा होत्या. पेपरांचे गठ्ठे रवाना केल्याशिवाय निघता येत नाही म्हणून मी तिला दुपारपर्यंत थांबवलं. एकटीने बसने जाते म्हणाली तर तेही नको म्हटलं. आम्ही पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. माहेरच्यांना तिने कधीच सांगितलं नाही की उशीर नवऱ्याने केला. आता दुसऱ्यांदा ती माझं ओझं उचलत होती, आणि या वेळी ते माझं आहे हे तिला ठाऊकही नव्हतं.

ताई पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. फोन केला की त्यांची सून उचलायची, आई मळ्यात गेली म्हणायची. बायकोने यंत्र धुतलेल्या टॉवेलमध्ये गुंडाळून अलमारीत साड्यांखाली ठेवलं. झोपडी आणि गाय आतच राहिली. ती कोणी बांधली, हे तिने एकदाही विचारलं नाही. झटक्यानेच आली असं ती धरून चालली होती. माझ्या शब्दावर ती इतका विश्वास ठेवते, हे त्या दिवसांत मला सगळ्यात जड गेलं.

मुलीचा फोन आला तेव्हा आईने तिला सगळं सांगितलं असावं. ती माझ्याशी बोलायला लागली. "बाबा, लाइट गेल्यानं काई पुसलं जात नाई त्याच्यातलं. बॅटरी असते ना आत. अन खुट्यावरून काढाचं म्हून तं ते तसं बनवलं हाय."

"असेल काहीतरी बिघाड," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. मग म्हणाली, "मी आईले काई नाई सांगत. तुमीच पाहा." आणि फोन ठेवला.

तरीही मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो.

मग एका दुपारी लाइट गेली. मी घरीच होतो. बायको भाजी निवडत होती. ती उठली, फ्रीजपर्यंत गेली, पिनेला हात लावला आणि हात मागे घेतला. मला म्हणाली, "तुमी काढा." मी मोबाइलमध्ये काहीतरी बघत होतो, हो हो म्हटलं आणि विसरलो. लाइट उसळून आली. फ्रीजमागून धूर आला, जळल्याचा वास घरभर पसरला. मी धावत जाऊन पीन उपटली, पण फ्रीज गेला होता.

मी तिच्यावरच खेकसलो. "समोर उभी होतीस, पीन काढता येत नव्हती?"

ती म्हणाली, "मले भेव वाटते आता. माह्या हातानं काईच बरं होत नाई."

रोज लाइट जाते त्या घरात इतकी वर्षं जिने सगळं सांभाळलं, ती बाई एका पिनेला घाबरत होती. मी फ्रीजपुढे उभा होतो, हातात जळकी पीन. अलमारीतून टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र काढलं, पिशवीत टाकलं आणि म्हटलं, "चल, ताईकडे जाऊ."

"मले नाई येनं. त्यायले मी नको झाली."

"चल. मला दोघींपुढे बोलायचं आहे."

मालेगावपर्यंत मोटारसायकलवर ती माझ्या मागे बसली होती, पण तिने खांद्यावर हात ठेवला नाही. कॅरियरचा दांडा धरून बसली.

ताई अंगणात तूर पाखडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, "जय भीम" म्हणाल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला. बहिणीकडे मात्र बघितलं नाही. बायको दाराच्या कडेला उभी राहिली, पाव्हण्यासारखी.

मी पिशवी ओट्यावर ठेवली. येताना वाटभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"ताई, त्या दिवशी लाइटीनं काही झालं नव्हतं. हिच्या हातानंही नाही. गल्ली मी पुसली. आदल्या दिवशी. ती झोपडी माझी होती."

ताईंच्या हातातलं सूप थांबलं. "गलतीनं झालं असंन, भाऊजी."

हे सोपं होतं. त्यांनीच दार उघडून दिलं होतं, फक्त आत शिरायचं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "पडद्यावर लिहून आलं असंन ना? पुसू का म्हून?"

"आलं होतं."

"वाचलं होतं तुमी?"

"वाचलं होतं."

ताईंनी सूप खाली ठेवलं. मग हात तोंडाशी नेत म्हणाल्या, "अन म्या हिले बाच्या नावानं बोलली."

"तेही माझंच आहे, ताई. तुमचे वडील गेले तेव्हा ही सकाळीच निघाली होती. मी थांबवलं, परीक्षेच्या पेपरांसाठी. तिने तुम्हाला सांगितलं नाही."

ताई उठल्या आणि बहिणीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिचा हात धरला नाही, नुसत्या जवळ उभ्या राहिल्या. बायकोचे डोळे माझ्यावरून हलले नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिची कधी माफी मागितली नव्हती. आमच्याकडे नवरे मागत नाहीत. चहा करून देतात, साडी आणतात, आणि झालं असं धरतात. या वेळी माझ्याजवळ चहा नव्हता, साडी नव्हती. मी घरच्या बोलीत, जशी ती बोलते तसं बोललो.

"माह्यं चुकलं. गल्ली मी पुसली, अन नाव तुह्यावर येऊ देल्लं. बाच्या वक्ती तुले मीच थांबवलं, तवाबी तुलेच बोल खाऊ देल्ला. तुह्या हातानं काईच वाईट झालं नाई. मले माफ कर."