आडनावाशिवायची हजेरी

सोमवारी माझ्या बायकोला शाळेत चक्कर आली. बुधवारी ती गेली. पुढच्या सोमवारी तिचा सातवीचा वर्ग मला देण्यात आला.

मुलुंडच्या त्या शाळेत आम्ही दोघंही शिकवायचो. जूनपासून तिने वर्गात एक नियम केला होता: आडनाव कुणी वापरायचं नाही. हजेरी नुसत्या नावाने, बाकांवरच्या जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून. एकाच नावाच्या दोन मुली होत्या. एक खिडकीजवळची, दुसरी फळ्याजवळची. पुढे जागा बदलल्या, पण ही ओळख राहिली. त्या दोघी डबा एकत्र खात. महिन्याच्या शेवटी तिने विचारलं, आडनावावाचून काय अडलं? बहुतेकांनी लिहिलं, काही नाही.

अडलं होतं पालकांचं. पालकसभेत कडक इस्त्रीतले एक गृहस्थ उठले. "मॅडम, आम्ही जातपात मानत नाही हो. पण मुलगी कुणाबरोबर डबा खाते, एवढं कळायला नको का?"

"नाव कळतं ना?" ती म्हणाली.

"नुसत्या नावावरून काय कळणार?"

त्या सभेत इतका प्रामाणिक माणूस दुसरा नव्हता. बाकीचे नुसते माना डोलवत होते.

घरी येताना ती हसत होती. "तुझ्या आईसारखाच रे," म्हणाली. तिचं माहेर बौद्ध, आमचं घर नाही. लग्नाआधी आईने तिला आडनाव तीनदा विचारलं होतं, पहिल्याच वेळी नीट ऐकू येऊनही.

ती गेल्यावर शाळेने तिच्या स्मरणार्थ भेदभावावर कार्यशाळा घेतली. बाहेरून आलेल्या बाईंनी निम्म्या मुलांच्या मनगटांना पिवळ्या फिती बांधल्या, त्यांना अर्धा तास जमिनीवर बसवलं आणि विचारलं, "कसं वाटलं?" मुलं म्हणाली, वाईट वाटलं. टाळ्या झाल्या. मग परदेशातल्या काळ्या-गोऱ्या माणसांची चित्रफीत दाखवली. आपल्याकडच्या भेदभावाला वेळ उरला नाही. प्रत्येक मुलाच्या छातीवर शाळेने खास छापून घेतलेला बिल्ला होता. नाव बारीक, आडनाव ठळक.

मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांचे बिल्ले वाचत होती.

"अय्या, तुझं हे आडनाव आहे?" फळ्याजवळची म्हणाली.

"हो. का गं?"

"काही नाही. मम्मी विचारत होती ना."

दुसऱ्या दिवशी फळ्याजवळचीने डबा वेगळ्या बाकावर उघडला.

मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सर, बिल्ल्यांचं एवढं काय मनावर घेता? आणि आता ती नुसत्या नावांची हजेरीही पुरे. मॅडमसाठी एवढा मोठा कार्यक्रम केला की आपण!" फोटो फार छान आले आहेत, असंही त्यांनी सांगितलं. फोटोत सगळे बिल्ले स्वच्छ वाचता येतात.

मी हजेरी नुसत्या नावानेच घेतो. पुढच्या वर्षी हा वर्ग मला मिळणार नाही. खिडकीजवळची एकटी जेवते.