गोल टेबलाची कड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यापाशी सगळं बोलायचो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? असेल. लिहायला बसलो की उठतो, पाणी पितो, खिडकी लावतो, पुन्हा उघडतो. आज तिसऱ्यांदा बसलोय.

लग्नघरी, बँकेत, दवाखान्यात, कुठेही गोल टेबल दिसलं की माझा हात त्याच्या कडेवरून फिरतो. लोक म्हणतात, मास्तर निवृत्त झाले तरी सुताराची नजर काही सुटत नाही. खरं सांगू? सुताराची नजर मला कधीच नव्हती. सगळं तिथूनच सुरू झालं.

मी अमरावतीच्या एका वकिलाचा मुलगा. इंटरला दोनदा आपटलो आणि सुतारकामाच्या सरकारी कोर्सला गेलो. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "आमचे चिरंजीव आता पाट-चौरंग करणार." अकोल्याच्या एका उद्योगशाळेत मला मास्तरकी मिळाली, पण तात्पुरती. महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षंच झाली होती तेव्हा. कायम जागा एकच होती, आणि तिच्यासाठी माणसं दोन — मी, आणि माझ्यासारखेच तात्पुरते असलेले पातूरचे नामदेव मिस्त्री.

मिस्त्री पन्नाशीचे, शाळा चौथीपर्यंत. बैलगाडीच्या चाकापासून देवघरापर्यंत सगळं केलेला माणूस. फळीवर तळवा फिरवून लाकडाच्या रेषा कुठे वळतात ते सांगायचे. मला त्यासाठी कागद-पेन्सिल लागायची. मुलं अडली की माझ्यासमोरून उठून त्यांच्याकडे जात. वाईट वाटायचं का? वाईट कसलं — जळफळाट व्हायचा. त्यात ते मला 'गुरुजी' म्हणायचे, माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे असून! मला वाटे, म्हातारा थट्टा करतोय. ती थट्टा नव्हती. शिकलेल्या माणसाबद्दल त्यांना मनापासून आदर होता. तोच तर मी वापरला.

मुख्याध्यापकांनी कचेरीसाठी एक गोल टेबल करायला सांगितलं. तपासणीला साहेब येणार होते, ते काम पाहणार आणि कुणाला कायम करायचं ते ठरवणार. टेबलाचा माथा मी केला — प्लायवूडवर सागाचं विनियर, म्हणजे पुठ्ठ्याहूनही पातळ पापुद्रा, सरसानं चिकटवलेला. माथ्याच्या कडेला सगळीकडून खाच पाडून तिच्यात पितळेची पट्टी बसवायची होती. ते काम मिस्त्रींचं.

आता हे थोडं समजून घ्या. लाकडाच्या रेषा जातात सरळ, आणि कड जाते गोल. त्यामुळे खाचेचा रंधा निम्म्या वाटेत रेषांच्या कलानं चालतो आणि निम्म्या वाटेत त्यांच्या उलट. उलट गेला की पापुद्रा उचकटतो. म्हणून वर्तुळाचे चार भाग करायचे आणि भागागणिक रंध्याची दिशा बदलायची. एवढंच. पुढे पंचवीस वर्षं मी हेच फळ्यावर काढून शिकवलं, आणि दर वेळी खडू मोडला.

मिस्त्रींना हे कळत नव्हतं, असं वाटतं तुम्हाला? ते टेबलाभोवती दोन वेळा फिरले. रंधा टेकवला आणि थांबले.

"गुरुजी, माहा हात तं म्हन्ते का इथून उलटं फिरा. पन हे पापुद्र्याचं काम मी जलमात केलं नाई. तुमी शिकेल मानूस. कोन्या आंगानं नेऊ?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. साफ खोटं. मी विचार केला. पेन्सिलीचा तुकडा सावकाश कानामागे खोचला. वडिलांचा चेहरा आठवला, पाट-चौरंग आठवले. आणि म्हणालो, "एकाच अंगानं फिरवा मिस्त्री, थेट पूर्ण गोल. हे भरीव लाकूड नव्हे. मध्येच दिशा बदलली तर खाच बिघडेल."

झालं सांगून? नाही. अजून एक राहिलं — तेच सांगवत नाही.

त्यांनी सुरी उचलली होती. रंध्याआधी खाचेची रेघ सुरीनं कापून घेतली, तर फाटलेला पापुद्रा त्या रेघेपाशीच थांबतो, आत शिरत नाही. त्यांच्या हाताला तेही ठाऊक होतं. दिशेबद्दल मी खोटं सांगूनही त्या एका रेघेनं पापुद्रा कदाचित वाचला असता. मी म्हणालो, "सुरी नको. सरस सुटेल." त्यांनी मुकाट्यानं सुरी खाली ठेवली. पहिलं खोटं मी घाबरून बोललो म्हणावं, तर दुसरं कशानं?

पहिला पाव भाग सुरेख निघाला. दुसऱ्यात शिरताच टर्रकन आवाज झाला आणि बोटभर लांब पापुद्रा माथ्याच्या आतपर्यंत उचकटला. मिस्त्रींनी रंधा उचलला, माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता विचारतील — काहून असं सांगतलं? विचारलं असतं तर मी कबूल झालो असतो. झालो असतो का? त्यांनी काही विचारलं नाही. स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हातच गेला वाटते गुरुजी माहा."

चूक आपलीच, असं मुख्याध्यापकांना त्यांनीच सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. "विनियरला सराव लागतो," एवढंच बोललो, तेही अगदी सहानुभूतीच्या आवाजात. मी कायम झालो. मिस्त्री पातूरला परत गेले. जाताना ते माझ्या पायांशी वाकले तेव्हा मी मागे सरकलो, आणि बघणाऱ्यांना तो माझा विनय वाटला. वडील अमरावतीहून पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले.

सहा-सात वर्षांनी शाळेची सहल पातूरच्या लेण्यांना गेली. मिस्त्रींची गल्ली टाळायची असं मी ठरवलं होतं, पण त्यांनीच मला रस्त्यात पाहिलं आणि हात धरून घरी नेलं. अंगणात दाराची फळी पडली होती, साधी, सागाची. चहा येईपर्यंत ते पुन्हा कामाला बसले. रंधा हातात घेतला आणि जावयाला विचारलं, "कोन्या आंगानं मारू?"

जावई मला हळूच म्हणाला, "मामा अकोल्याहून आले तवापासून असंच हाय जी. दर फळीले इचारते. काहून, ते काही सांगत नाई."

मला अंगणात बसवेना. उठावं, पळावं असं झालं. खरं सांगायचं होतं तर तीच वेळ होती, तेच अंगण होतं, आणि ऐकायला माणूस समोर होता. चहा आला, तो मी घेतला.

मिस्त्रींनी फळी माझ्यापुढे सरकवली. "गुरुजी आलेच हायेत, तं तुमीच सांगा."

मी सांगितलं. या वेळी खरं सांगितलं. रंधा चालला आणि लांबच लांब, अखंड छिलका निघाला. मिस्त्री लहान मुलासारखे हसले.

"पाहा बरं," ते जावयाला म्हणाले, "गुरुजीनं सांगतलं का चुकत नाई. तवाबी बरोबरच सांगतलं होतं यायनं. माह्याच हातानं दगा देल्ला."

जावई माझ्याकडे आदरानं पाहू लागला. मी कपातला चहा संपवला आणि म्हणालो, "होतं असं कधी कधी."