येऊन राहिलो

मला मुळात एका जागी थांबता येत नाही. पंगतीत बसलो तरी पाय हलतो म्हणून आई मांडीवर चापट मारायची. अशा माणसाला आमच्या सरांनी बास्केटबॉलमध्ये रिंगखाली, पाठ करून, हात वर धरून उभं राहायचं काम दिलं. कारण एकच. मी उंच होतो. कॉलेजच्या दारातून वाकून जावं लागणारा मी एकटाच होतो, आणि सरांना वाटलं, हा आयताच मिळाला.

आमचा गोंदिया भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि मध्य प्रदेशातून नुकताच मुंबई राज्यात आला होता. त्यामुळे पुण्याकडची माणसं आमच्याकडे नोकरीला येऊ लागली होती. सर त्यांतलेच. पांढरीशुभ्र पँट, गळ्यात शिट्टी आणि बोलणं असं स्वच्छ की ऐकताना आपलेच कान मळके वाटावेत. मैदान मातीचं होतं, रेल्वेच्या रुळांना लागून. इंजिन गेलं की धूर यायचा आणि जवळच्या राइस मिलचा कोंडा उडून घामाला चिकटायचा. सर रोज पँट झटकत.

सरांचं म्हणणं साधं होतं. बाहेरून गार्डने खेळ चालवायचा, आत रिंगखाली सेंटरने, म्हणजे मी, बास्केट करायची. नुसतं बाहेरून खेळलं तर समोरचे पुढे येऊन अडवतात, नुसतं आत खेळलं तर सगळे आत गर्दी करतात. दोन्ही हवं. हे ते जेवणाच्या ताटासारखं समजावून सांगायचे, भात आणि वरण, आणि मला तेव्हाच भूक लागायची.

आमचा गार्ड शहरातला, धानाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. घरीदारी हिंदी. उंचीने माझ्या खांद्याइतका, पण चेंडू त्याच्या हाताला असा लागून असायचा की बघणारे त्याच्यासाठीच यायचे. तो मला चेंडू देत नसे. सुरुवातीला द्यायचा. मग सोडलं. मी आत हात वर करून पळापळ करायचो, आणि तो चार जणांतून वाट काढून स्वतःच मारायचा. मला इतका राग यायचा की रात्री खोलीवर भाकरीचा घास चावताना दात वाजायचे.

धान कापायच्या दिवसांत वडील घरचं जुनं धान बैलबंडीत भरून मिलवर आले. आमचं गाव कामठ्याच्या पुढे. मिलवर पाळी लागायला वेळ होता म्हणून ते मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी आमची सगळी प्रॅक्टिस पाहिली. खेळ त्यांना कळत नव्हता, पण माणसं कळायची. मी घाम पुसत त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी तब्येत विचारली नाही, अभ्यास विचारला नाही.

"तुले तं कोणी देतच नाही," ते म्हणाले. "हात वर करून करून मागून राहिला. कायले?"

 घरी कामाला हात कमी होते, आणि मला शिकवायचं हा हट्ट आईचा होता, त्यांचा नव्हता. शांतपणे त्यांनी सांगून टाकलं की मळणी झाली की ते परत येतील, आणि इथं माझं काही काम आहे असं तोवर दिसलं नाही तर माझी पेटी बंडीत टाकून मला घेऊन जातील. बी.ए.चं पहिलंच वर्ष होतं. मला घरी जायचं नव्हतं. धानाच्या बांधीतल्या चिखलाची मला लाज नव्हती, पण एकदा परत गेलो की पुन्हा यायला मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. चालताना, जेवताना, तासाला बसलेलो असताना एकच डोक्यात. मला चेंडू मिळाला पाहिजे. प्राध्यापक फळ्यावर लिहीत असत आणि मी बाकाखाली पाय बदलत असे.

पुढच्या आठवड्यात मी सरांशी भांडलोच. सरांची चाल अशी होती की मी रिंगखाली येऊन राहायचं, राहिलो की आवाज द्यायचा, आवाज ऐकून सर बाजूने "दे" म्हणणार आणि गार्ड चेंडू टाकणार. मी आवाज दिला, "येऊन राहिलो." सर ओरडले, "दे." या वेळी सरांच्या धाकाने गार्डने चेंडू रिंगखाली टाकला, तिथे कोणी नव्हतं, आणि तो रुळांकडे निघून गेला. सुरुवातीला हे रोजचंच होतं, पण त्या दिवशी सरांचाही तोल गेला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"राहिलो म्हणतोस आणि राहत नाहीस. खोटं कशाला बोलतोस?"

मी म्हणालो, खोटं काऊन बोलीन सर, मी येऊनच राहिलो होतो. ते म्हणाले, कुठे होतास? मी म्हणालो, रस्त्यात. ते म्हणाले, मग राहिलो का म्हणालास? मी म्हणालो, येऊन राहिलो म्हणून म्हणालो. आम्ही दोघं लाल झालो होतो आणि दोघांपैकी एकालाही दुसरा काय बोलतो ते उमजत नव्हतं. सरांनी शिट्टी काढून बाकावर आपटली.

तेव्हा गार्ड चेंडू आणून मध्ये आला आणि अगदी सहज म्हणाला, "सर, ये बोल रहा है, आ रहा हूँ."

सर थांबले. त्यांच्या मराठीत येऊन राहणं म्हणजे एकदाचं येणं आणि तिथेच टिकणं. आमच्याकडे येऊन राहिलो म्हणजे अजून वाटेवर आहे. जेवून राहिलो म्हणजे घास तोंडात आहे. पावसाळ्यापासून मी वाटेवरून हाक देत होतो आणि सर मला पोचलेला समजत होते. सर आधी हसले नाहीत. त्यांनी एकेक क्रियापद घेऊन मला विचारलं, जाऊन राहिलो म्हणजे काय, झोपून राहिलो म्हणजे काय, आणि मग बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मी गार्डकडे वळलो. त्याला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. मग बोलला का नाही? तो म्हणाला, तू म्हणायचास येतोय, सर म्हणायचे दे, मला वाटलं पुण्यात असंच खेळत असतील. नंतर चेंडू वाया जायचा कंटाळा आला म्हणून द्यायचं सोडलं. इतक्या महिन्यांचा राग मी कुणावर काढायचा, तेच मला कळेना.

सरांनी नवा शब्द ठरवला. जागेवर पोचलो की "आलो" म्हणायचं. पण पोचून उभा राहिलो की माझं अंग आखडायचं, मागे समोरचा गडी घट्ट चिकटायचा, आणि नियमाप्रमाणे तीन सेकंदांच्या वर आत थांबलं की शिट्टी. गार्डने हे पाहिलं आणि सर नसताना मला म्हणाला, तू ज्या वाटेने पळत येतोस त्या वाटेवरच मी चेंडू टाकीन. मग संध्याकाळी आम्ही दोघंच तेवढं करत राहिलो. अंधारात चेंडू दिसेनासा झाला तरी करायचो. मी पळत आत यायचो, तो चेंडू पुढे टाकायचा, आणि आम्ही दोघं त्याच जागी भेटायचो. दोघांनाही हे सरांना सांगायचं धैर्य होत नव्हतं.

मळणी झाली. नागपूरच्या एका कॉलेजचा संघ आमच्याकडे खेळायला आला त्याच दिवशी वडीलही आले. माझं इथलं काम त्यांना अजून दिसलं नव्हतं. त्यांनी खोलीवर जाऊन माझी पेटी उचलली, बंडीत ठेवली, दोरीने बांधली आणि बंडी कुंपणापाशी आणून सोडली. मी मैदानात उतरलो तेव्हा माझी पेटी मला रिंगखालून दिसत होती.

पहिला अर्धा वेळ मी सरांचं ऐकलं. उभा राहिलो. "आलो, आलो" म्हणत राहिलो. नागपूरचा सेंटर माझ्या पाठीवर ओझ्यासारखा पडला होता. दोनदा तीन सेकंदांची शिट्टी झाली. बाहेरून गार्डने मारून पाहिलं, पण सगळे त्याच्यावरच धावून जात होते. कुंपणाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मध्यंतरात पाणी पिताना गार्ड सरांच्या देखत म्हणाला, "अब तू खड़ा मत रह. आते रह." सर काही बोलायला गेले, पण शिट्टी झाली.

मग मी धावलो. दर वेळी धावलो. वाटेवर असताना हाक दिली, आणि चेंडू वाटेवरच हातात आला. नागपूरचा गडी मी आधी थांबायचो त्या जागी मला शोधत होता. त्यांचे दोघे आत माझ्यावर आले तेव्हा मी चेंडू बाहेर परत दिला आणि गार्डने मोकळ्यातून मारला. भात आणि वरण. सर बाजूला उभे होते, शिट्टी तोंडात, "दे" म्हणायचं विसरलेले. आम्ही हरलो, थोडक्यात हरलो, पण मला ते कळायलाही वेळ लागला.

वडील कुंपण ओलांडून आत आले. माझ्याकडे आले नाहीत. सरांकडेही गेले नाहीत. ते गार्डपुढे जाऊन उभे राहिले.

"हा घरी गेला, तं तू चेंडू कोणाले देशीन?"

गार्ड दम खात होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बंडीतल्या पेटीकडे पाहिलं. त्याला तेव्हाच काय ते कळलं असावं.

"किसी को नहीं, काका," तो म्हणाला. "इसके बिना मैं अकेला हूँ."

 वडील बंडीपाशी गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी बांधलेली गाठ घट्ट होती, ती त्यांच्याच बोटांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. पेटी जमिनीवर ठेवली, बैल जुंपले, आणि आईला निरोप काय देऊ, एवढंच विचारलं.