बधिर बोटांना चिमटे

खिडकीच्या फुटक्या काचेने माझ्या बहिणीच्या, सुधाच्या, मनगटातला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो शिवला, पण बोटं अजून बधिर आहेत. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं टेकवतो आणि तिच्या बोटाला चिमटा काढतो. "लागतंय का गं?" काल आमच्या काकांनीही काढला आणि जाहीर केलं, "मेला हा हात." सुधा कसनुसं हसली. माझं डोकंच फिरलं.

मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली हेच दाखवते. तंतू तुटला की त्याची पेशी फुगते, फिकी पडते. मुलंही दरवर्षी बघताक्षणी म्हणतात, "मेली." अरे, मेली कुठे! तिच्या आत आरएनए धडाधड तयार होत असतो, एन्झाइम राबून तुटलेलं टोक वाढवायला लागणारा माल जमवत असतात. ते टोक बोटापर्यंत पोचेल की नाही, मलाही सांगता येत नाही. पण बाहेरून सामसूम दिसली की लगेच सुतक धरायची एवढी घाई कशाला?

काकांनी पुन्हा चिमट्यासाठी बोटं पुढे केली. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"काका, आत काम चालू आहे. हात लावायचा नाही."